म्हसोबाला नाक कुठंय? (औंधचा राजा, गायतोंडे आणि आमच्या भिंतीवरचं चित्र)

गेल्या महिन्यात आमच्या घरात एका चित्रावरून भांडण झालं. जमिनीच्या वाटणीवरून होतं तसं मोठं नाही, पण दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही, एवढं खरं.

झालं असं, की दादानं विश्रामबागला फ्लॅट घेतलाय. गावभागातलं जुनं घर बंद करून आईलाही तिकडं न्यायचं ठरलं. काय न्यायचं, काय द्यायचं याची यादी करताना त्या चित्राचा विषय निघाला. हार्डबोर्डवर तैलरंगात काढलेलं, तीन बाय दोन फुटांचं असेल. करडा हिरवा रंग, मध्ये कुठंतरी गंजासारखा तांबूस डाग, खालच्या अंगाला काळसर पट्टा. माणूस नाही, झाड नाही, घर नाही. पुतण्या म्हणाला, "काका, यात काहीच नाहीये." फ्लॅटच्या हॉलमध्ये त्या जागेसाठी इंटिरियरवाल्यानं सात घोडे सुचवले होते. तुम्ही पाहिलेच असतील, हल्ली घरटी दिसतात. पांढरे, पाण्यातून उधळत येणारे, कॅनव्हासवर छापलेले. योग्य दिशेला लावले की भरभराट. वहिनींना पसंत होते. दादा म्हणाला, "ते जुनं माळ्यावर ठेवून देऊ."

आई काही बोलली नाही. ती गप्प बसली की समजायचं, पटलेलं नाही.

मग मी बोललो, आणि जरा जास्तच बोललो. त्यावेळी जे नीट सांगता आलं नाही ते इथं लिहितोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या. कारण विषय एकट्या आमच्या भिंतीचा नाही, आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा आहे.

आधी ते चित्र आमच्याकडं आलं कसं, ते सांगतो.

वडिलांचे, म्हणजे अण्णांचे एक मित्र खटाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक होते. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. नाव मुद्दाम देत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. शाळेत ते सगळं करायचे. पंधरा ऑगस्टचे फलक, गांधी-फुल्यांची चित्रं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी, गॅदरिंगचे पडदे. हुबेहूब चेहरा काढण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. पण घरी, स्वतःसाठी जे काढायचे ते असलं. रंगाचा एक थर द्यायचा, तो वाळेपर्यंत आठ-पंधरा दिवस थांबायचं, वर दुसरा थर, मग भिंतीला लांबी लावायची पत्र्याची पट्टी असते ना, तिनं काही ठिकाणी खरवडायचं. खालचा रंग वर यायचा. एकेक चित्र चार-चार महिने चालायचं. विकलं किती गेलं? माझ्या माहितीत एकही नाही.

एकदा अडचणीत त्यांनी अण्णांकडून तीनशे रुपये घेतले होते. परत करायला जमेना. अण्णा म्हणाले, राहू द्या. १९८३ च्या दिवाळीत सर एसटीनं सांगलीला आले ते काखेत चादरीत बांधलेलं हे चित्र घेऊन. "तीनशेला महाग पडलं तर सांगा," असं म्हणाले. तेव्हापासून ते आमच्या माजघरात आहे. मी तेव्हा सहावीत होतो. पुढच्या सुट्टीत सर मला औंधला घेऊन गेले.

आता औंधविषयी. आपल्यातल्या बहुतेकांना औंध म्हणजे यमाईचं देऊळ. दर्शन घ्यायचं, पायऱ्या उतरायच्या, भेळ खायची, परत. वाटेत डोंगराच्या अंगाला श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे, त्यात किती जण वळतात, तुम्हीच आठवून बघा.

औंध हे संस्थान केवढं? उणीपुरी ७२ गावं, आणि तीही सलग नाहीत. काही आजच्या साताऱ्यात, आटपाडी-कुंडलचा भाग आजच्या सांगलीत, एक तुकडा पार विजापुराकडं. सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच, बरं का. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. मुलूखही सगळा माणदेशी, दुष्काळी. बडोदा किंवा म्हैसूरच्या तिजोरीपुढं औंधची तिजोरी म्हणजे किराणा दुकानाचा गल्ला.

या संस्थानाच्या गादीवर १९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. डेक्कन कॉलेजातून शिकलेले पदवीधर. आज त्यांची ओळख उरलीय ती सूर्यनमस्कारांसाठी. ते कीर्तन करायचे हेही जुन्या लोकांना ठाऊक आहे. पण हा माणूस मुळात चित्रकार होता. नुसता हौशी नव्हे. रामायणातल्या प्रसंगांची स्वतः काढलेली चित्रं त्यांनी १९१६ साली ‘चित्ररामायण’ म्हणून छापून प्रसिद्ध केली. वेरूळ आणि अजिंठ्यावर पुस्तकं लिहिली. राजानं चित्रकारांना पोसणं आपल्याकडं नवीन नाही. राजानंच रंगानं हात बरबटून घेणं मात्र विरळा.

आणि त्यांच्याभोवती जमलेली माणसं बघा.

लक्ष्मणराव किर्लोस्कर. उद्योगपती म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते १८८५ साली मुंबईला गेले होते ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला! पुढं लक्षात आलं की काही रंगांतला फरक त्यांना नीट कळत नाही. रंगांधळेपणा. रंग सुटले, मग ते यंत्रांच्या रेखाटनाकडं वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. बेळगावातली कारखान्याची जागा सोडायची वेळ आली तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान आणि १०,००० रुपये कर्ज दिलं. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका चित्रकार राजानं, चित्रकला अर्धवट सुटलेल्या माणसाला निवडुंग-फड्यांचा माळ दिला आणि त्यातून लोखंडी नांगर निघाला. आपल्या भागाचा औद्योगिक इतिहास इथून सुरू होतो.

दुसरे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. वेदांचे भाष्यकार म्हणून नाव मोठं, पण तेही जे. जे.चेच. व्यक्तिचित्रं काढायचे, लाहोरात त्यांचा स्टुडिओ होता. बाळासाहेबांशी मैत्री जमली ती चित्रांमुळं. १९१८ च्या सुमारास ते औंधला आले आणि तिथंच त्यांनी स्वाध्याय मंडळ चालवलं. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर पुढं नामवंत चित्रकार आणि महाराष्ट्राचे कलासंचालक झाले.

माडगूळचे दोघे भाऊ याच संस्थानातले. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तली वाडी औंध संस्थानातली. आणि लेखक व्यंकटेशतात्या स्वतः उत्तम रेखाटनं करायचे, हेही लक्षात घ्या. रंगाचं वारं त्या मुलखात वाहतच होतं म्हणायचं.

बाळासाहेबांनी आयुष्यभर जे जमवलं, ते वाड्यात ठेवून पाव्हण्यांना दाखवता आलं असतं. बहुतेक संस्थानिक तेच करत. त्यांनी १९३८ साली डोंगरावर, देवीच्या वाटेवर इमारत बांधून ते लोकांसाठी उघडलं. राजा रविवर्म्याची अस्सल तैलचित्रं, धुरंधर, मोगल, पहाडी, राजस्थानी लघुचित्रं, बंगाल शैलीची चित्रं, आणि युरोपातल्या गाजलेल्या कलाकृतींच्या प्रतिकृती. जे अस्सल मिळेल ते अस्सल, जे मिळणार नाही त्याची नक्कल तरी. खटावचा शेतकरी पॅरिसला कधी जाणार?

त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडली, तिचा संबंध पुढं येणार आहे. १९३८-३९ मध्ये बाळासाहेबांनी आपला कारभार प्रजेच्या हाती दिला. औंधची राज्यघटना गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झाली. ती बसवण्यात ज्यांचा मोठा हात होता ते मॉरिस फ्रीडमन, पोलंडमधले ज्यू इंजिनियर. भगव्या कफनीत राहायचे, लोक त्यांना भारतानंद म्हणायचे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत, जिथं कैदी कुलपाशिवाय राहून शेती करत, तीही याच काळातली, १९३९ ची. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’चं मूळ तिथं आहे.

ज्याला वाटतं की ७२ गावांतले अडाणी म्हणवले जाणारे लोक स्वतःचा कारभार करू शकतील, त्यालाच वाटू शकतं की हे लोक रविवर्मा बघू शकतील, हेन्री मूर बघू शकतील. माझ्या मते औंधची घटना आणि औंधचं संग्रहालय एकाच विश्वासातून निघालंय. संस्थान १९४८ साली विलीन झालं, घटना इतिहासाच्या पुस्तकात गेली. संग्रहालय मात्र अजून उघडं आहे.

हेन्री मूर म्हणालो, तिकडं वळतो. हा विसाव्या शतकातला जगातला मोठा शिल्पकार. इंग्लंडातल्या खाणकामगाराचा मुलगा. त्याचं ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्प औंधला आहे. हो, आपल्या औंधला. मूरच्या शिल्पात आई कळते, मूल कळतं, पण नाक-डोळे-बोटं अशी शोधायला गेलात तर हाती फार लागत नाही. गोलाई, खळगा, एकमेकांत मिसळलेले दोन जीव. दगडानं दगडासारखंच दिसावं, कातडीचं सोंग आणू नये, असं त्याचं म्हणणं होतं.

सरांनी मला त्यासमोर उभं केलं. मी म्हणालो, "याला नाक कुठंय?" अगदी पुतण्या आता बोलला तसंच. सर हसले. म्हणाले, "तुमच्या रानातल्या म्हसोबाला नाक कुठंय?"

मी गप्प. आमच्या बांधावर म्हसोबा आहे. शेंदूर लावलेला दगड. नाक नाही, डोळे नाहीत, पण पेरणीआधी नारळ त्यालाच फुटतो. आजीनं कधी विचारलं नाही की यात काय आहे. शिखर शिंगणापूरला लिंगापुढं उभा राहिलेला कावडीवाला विचारत नाही. देवीचा तांदळा असतो, नुसता गोल पाषाण, त्यापुढं बायका ओटी भरतात. बिनचेहऱ्याच्या आकारासमोर उभं राहायचं, त्याच्याशी नातं ठेवायचं, हे आपल्या लोकांना शेकडो वर्षं येतं. शेंदराचे थरावर थर चढत जातात, एखाद्या वर्षी कवच गळून पडतं आणि आतला जुना पाषाण दिसतो. अमूर्त चित्र परदेशातून आलेलं फॅड आहे असं जे म्हणतात, त्यांनी एकदा स्वतःच्या बांधावर जाऊन यावं.

मला माहीत आहे, आता कुणीतरी म्हणणार, देवाची गोष्ट वेगळी, तिथं श्रद्धा आहे. बरोबर आहे. चित्राला कुणी नवस बोलत नाही, बोलूही नये. मी फक्त नजरेविषयी बोलतोय. जी नजर म्हसोबापुढं शांत असते, ती चित्रापुढं आली की लगेच का विचारायला लागते, "हे कशाचं आहे?"

आता त्या फ्रीडमनकडं परत. औंधनंतर बऱ्याच वर्षांनी ते मुंबईत निसर्गदत्त महाराजांकडं जाऊ लागले. खेतवाडीत राहणारे, विडीचं दुकान चालवलेले, मराठीत बोलणारे महाराज. त्यांची मराठी संभाषणं इंग्रजीत आणून फ्रीडमननी १९७३ साली पुस्तक काढलं, ते जगभर गेलं. आणि याच निसर्गदत्तांच्या विचारांची ज्याला ओढ होती असा एक चित्रकार म्हणजे वासुदेव गायतोंडे. आटपाडीच्या माळावर कैद्यांची वसाहत ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याची आणि भारतातल्या सर्वांत मोठ्या अमूर्त चित्रकाराची वाट एका विडीवाल्या महाराजांपाशी येऊन मिळते. ते दोघे भेटले होते असं मी म्हणत नाही. पण कुतूहल वाटतंच.

गायतोंडे मूळ गोव्याच्या कुटुंबातले, जन्म नागपूरचा, १९२४ चा. वाढले गिरगावात, १९४८ साली जे. जे.तून बाहेर पडले. सुरुवातीला माणसं काढायचे, लघुचित्रांच्या वळणाची, आणि फार सुंदर. ‘हे तर कुणीही काढेल’ म्हणणाऱ्यांनी ती आधी बघावीत. पन्नाशीचं दशक संपता संपता त्यांनी माणसं सोडली, वस्तू सोडल्या. ‘अमूर्त’ हा शब्दसुद्धा त्यांना रुचत नसे. कशापासून तरी काढून घेतलेलं असं त्यात ध्वनित होतं, आणि त्यांच्या चित्राला असं मागं काही नव्हतं.

काम करायची रीत कशी? रंग कॅनव्हासवर टाकायचा, रोलरनं पसरायचा, सुरीनं काढून घ्यायचा. कागदाचे तुकडे लावून रंग उचलून घ्यायचा. पुन्हा थर. पातळ, पारदर्शक. लावणं जितकं, तितकंच काढणं. पण यापेक्षा मोठा भाग बसण्याचा होता. रिकाम्या कॅनव्हाससमोर दिवसच्या दिवस बसून राहायचे. वर्षाला पाच-सहा चित्रं झाली तर खूप. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला शिष्यवृत्तीवर जाऊन आले, १९७१ ला पद्मश्री मिळाली, १९७२ ला दिल्लीला गेले आणि एका छोट्या जागेत एकटे राहिले. १९८४ साली मोठा अपघात झाला. कॅनव्हास पेलवेना, तर काही वर्षं कागदावर शाईची लहान रेखाटनं केली. मग पुन्हा रंगांकडं आले. २००१ मध्ये गेले तेव्हा बाहेर फारशी कुणाला खबर नव्हती.

नंतर काय झालं ते पेपरात आलंच. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आकडे पुढं वाढतच गेले. आपल्याकडं व्हॉट्सअॅपवर तेव्हा एक पिवळा चौकोन फिरत होता आणि खाली लिहिलेलं, "हे बघा, याला २३ कोटी!" हसणारी चिन्हं. मीही हसलो होतो, खोटं कशाला बोलू.

मग एकदा कामानिमित्त मुंबईला गेलो असताना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा चित्रसंग्रह आहे, तिथं गायतोंडेंचं अस्सल चित्र बघितलं. फोनवर जो सपाट रंग दिसतो, तो तिथं सपाट नव्हता. थराखाली थर होता, उजेड खालून आल्यासारखा. दोन पावलं डावीकडं सरकलं की बदलायचा. मी पंधरा मिनिटं तिथं होतो, आणि आठवण आली ती सरांच्या पत्र्याच्या पट्टीची. चित्रात ‘काही’ नसेल, तर जे आहे ते सगळं त्या थरात असतं. छापलं की नेमका थर जातो. घोड्याचं छापील चित्र घोडा तरी दाखवतं. अमूर्त चित्राची छपाई काहीच दाखवत नाही. म्हणून असलं चित्र मुळातूनच बघायला लागतं, आणि खरं तर एकदा बघून भागत नाही. सोबत राहावं लागतं.

सोबत राहणं म्हणजे काय, ते मला आईकडं बघून कळलं.

आई सातवी शिकलेली. चाळीस वर्षं तिनं ते चित्र दर शनिवारी कोरड्या फडक्यानं पुसलंय. भांडणाच्या तिसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "तुला यात काय दिसतं गं?" ती म्हणाली, "रोज काय दिसतंय? भिंत आहे ती." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पावसाळ्यात हिरवं वाटतं. उन्हाळ्यात तो डाग जास्त दिसतो. तुझे अण्णा गेले त्या साली मला तो खालचा काळा पट्टा बघवत नव्हता. आता बघवतो." एवढंच. समीक्षा वगैरे म्हणतात ती हीच असावी.

आणि २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आठवत असेल. गावभागात पाणी घरात शिरायला लागलं तेव्हा आम्ही टीव्ही, फ्रीज, गाद्या यांच्यामागं धावत होतो. आईनं कागदपत्रांची पिशवी घेतली आणि ते चित्र भिंतीवरून काढून स्वतः माडीवर नेलं. तोवर जिना चढताना त्याची खालची कड पाण्यात बुडालीच. हार्डबोर्ड तिथं फुगलाय, बोटभर रुंदीची रेघ उठलीय. फ्रीज गेला, नवा आला. गाद्या गेल्या, नव्या आल्या. हे गेलं असतं तर? सर २००६ मध्येच गेले. त्यांच्या बाकीच्या चित्रांचं काय झालं विचारायला गेलो होतो, तर घराच्या डागडुजीत बोर्ड म्हणून कामाला आले, असं कळलं. गोठ्याच्या आडोशाला. कुणाला दोष द्यायचा? त्यांना ती चित्रं वाटलीच नव्हती.

म्हणजे एका माणसानं तीस-पस्तीस वर्षं रात्री जागून जे केलं, त्यातलं शिल्लक फक्त आमच्या माजघरात आहे. बाजारात त्याची किंमत शून्य. तीच गोष्ट माळ्यावर टाकायला निघालो होतो.

आता सार्वजनिक मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहिलं.

होमी भाभांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारताना चित्रांसाठी स्वतंत्र रक्कम ठेवली. संस्थेच्या खर्चातला एक टक्का, असं सांगतात. तरुण, नाव न झालेल्या चित्रकारांकडून त्यांनी थेट चित्रं घेतली. आज ती शास्त्रज्ञांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, भिंतींवर आहेत. लोक त्यांच्यासमोरून जेवायला जातात. औंधच्या राजानं डोंगरावर केलं तेच भाभांनी कुलाब्याच्या किनाऱ्यावर केलं.

आपल्या दोन जिल्ह्यांत काय चाललंय? ग्रामपंचायतीची नवी इमारत, पंचायत समितीची, बँकेची, कारखान्याची, सांस्कृतिक भवन. ग्रॅनाइट येतं, फॉल सीलिंग येतं, उद्घाटनाचा फ्लेक्स तर गेटएवढा येतो. भिंतीवर मात्र छापील निसर्गदृश्य किंवा काहीच नाही. पन्नास लाखांच्या इमारतीचा एक टक्का म्हणजे पन्नास हजार. तेवढ्यात इथल्याच चित्रकारांची तीन-चार अस्सल चित्रं येतील. दरवर्षी आपल्याकडून मुलंमुली कलामहाविद्यालयांतून शिकून बाहेर पडतात, आणि चित्र विकलं जात नाही म्हणून फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करत बसतात. मी त्यांतल्या काहींना ओळखतो. गावातल्या वाचनालयात एक चित्र टांगलं, खाली काढणाऱ्याचं नाव-गाव लिहिलं, तर त्या गावातल्या पोरांना निदान एवढं कळेल, की चित्र माणूस काढतो. प्रिंटर नाही.

शाळांनी सहल महाबळेश्वरला न्यावी, जरूर न्यावी. एकदा औंधलाही न्यावी. आणि मुलांना रांगेत पळवू नका. एका चित्रासमोर, एका शिल्पासमोर दहा मिनिटं उभं करा. विचारू दे त्यांना, नाक कुठंय म्हणून.

घरांचं म्हणाल, तर वास्तुशांतीला आपण भिंतीवरची घड्याळं आणि डिनर सेट देतो. प्रत्येकाकडं चार-चार पडलेत, कपाटातून एकमेकांकडं फिरतायत. एखाद्या ओळखीच्या पोराचं छोटं चित्र दिलं तर खर्च तेवढाच येतो. आवडेल न आवडेल. आमच्या आईलाही पहिली काही वर्षं ते चित्र आवडत नव्हतं, हे तिनंच परवा सांगितलं. तीनशे रुपये बुडाले म्हणायची.

आमच्या भांडणाचं काय झालं? सात घोडे आले. हॉलमध्ये लागले, वहिनींच्या मनाप्रमाणे. त्यांचं घर आहे, त्यांचा अधिकार आहे. सरांचं चित्र आईच्या खोलीत, खिडकीच्या समोरच्या भिंतीला लावलंय, पुराच्या रेघेसकट. खिळा पुतण्यानं ठोकला. ठोकून झाल्यावर मागं सरून बघत म्हणाला, "काका, हा डाग आधी पण एवढा लाल होता का?"

खिडकी पश्चिमेची आहे. संध्याकाळ होती. मी म्हटलं, उद्या सकाळी परत बघ.

औंधला संग्रहालय बघायला येत्या महिन्यात एका रविवारी जायचं ठरवतोय. गाडीत चार जागा आहेत. कुणाला यायचं असेल तर कळवा. भेळ माझ्याकडून.